जिवंत गुडघा

सर न्हाणीघराच्या दारात पोचले तेव्हा त्यांची बायको ओल्या फरशीवर बसलेली होती. तिचा उजवा पाय दुमडला होता आणि गुडघ्याची वाटी जागेवर नव्हती. ती बाहेरच्या बाजूला सरकली होती. कातडीखाली भलत्याच ठिकाणी उंचवटा आला होता.

सर म्हणजे शरीररचनेचे निवृत्त प्राध्यापक. वैद्यकीय कॉलेजात त्यांनी चाळीस वर्षं गुडघा शिकवला. पोरं मागून त्यांना ‘हाडवाले सर’ म्हणत. वर मांडीचं हाड, खाली नडगी, मध्ये कूर्चेच्या दोन चकत्या, आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन बंध, बाजूंना आणखी दोन. झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी हे घडाघडा सांगितलं असतं.

त्यांनी रुग्णवाहिकेला फोन केला. तासभर लागेल, तोवर पेशंटला हलवू नका, असं पलीकडून सांगण्यात आलं. शेजारी परगावी होते. सरांनी तिच्या पाठीशी उशी दिली, अंगावर चादर घातली. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

ती ओठ चावून कळ सोसत होती. अर्ध्या तासानं मात्र तिला राहवेना.

“अहो, तुम्हीच बसवा ना ती वाटी. उभा जन्म गुडघ्यातच तर घालवलात.”

कशी बसवायची ते सरांना ठाऊक होतं. पाय हळूहळू सरळ करायचा आणि वाटी आतल्या बाजूला ढकलायची. कुठला बंध कुठे ताणला जाईल, तेही डोळ्यांसमोर दिसत होतं. पण सोबत हाड मोडलं असलं तर? आत काय झालंय हे पाहायला त्यांना आजवर कातडी बाजूला करावी लागली होती. आणि त्यांच्या विच्छेदनाच्या टेबलावरचं कुणी कधी कण्हलं नव्हतं.

भिंतीचा आधार घेत ते कसेबसे तिच्यापाशी खाली बसले. गुडघ्यावर तळहात ठेवला. गुडघा गरम होता. मांडीचा स्नायू हाताखाली फडफडत होता. त्यांनी हात मागे घेतला.

“मी जिवंत माणसाचा गुडघा कधी हाताळला नाही गं,” ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. “मग पन्नास वर्षं मी कोण होते?”

सरांनी पुन्हा हात ठेवला. एका हातानं टाच धरली, पाय जेमतेम बोटभर सरळ केला. तिच्या तोंडून असा आवाज आला, की त्यांनी पाय तिथेच सोडून दिला. नंतर ते नुसतेच तिच्या पायाचा पंजा चोळत राहिले. तो गार पडत चालला होता. तिनंही पुन्हा काही मागितलं नाही.

बेल वाजली. सरांनी भिंतीवर हात टेकून उठायचा प्रयत्न केला. त्यांचेच गुडघे त्यांना उचलेनात. दुसऱ्यांदा जोर केला, तेव्हा हात भिंतीवरून घसरला. बाहेरच्या दाराला आतून कडी होती.

बेल पुन्हा वाजली, या वेळी लांबलचक.

“येतो,” सर म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले.