खाली किती येतो

"हा खाली किती येतो?" गुणाजींनी विचारलं.

सेल्समनला वाटलं, म्हातारा घासाघीस करतोय. त्याने हसून सांगितलं, की काका, किंमत पक्की आहे, फार तर गादीचं कव्हर वरून देऊ. ज्याच्या त्याच्या कानात ज्याचा त्याचा धंदा. सुयोगला वाटलं, वडिलांना पायांची काळजी पडलीय. त्याने समजावलं, की बाबा, पाय आरामात टेकतात, उडी मारायची नाहीये.

नवऱ्याने काय विचारलं ते त्या अख्ख्या दुकानात रत्नप्रभाला एकटीला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

घाटकोपरला भटवाडीत त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत एकच काहीतरी मावणार होतं. एक तर हा बटणावर वर-खाली होणारा बेड, नाहीतर पलीकडचा सोफा-कम-बेड. सून दिशा घरून टेपने मापं घेऊन आली होती. तिला मनातून सोफा हवा होता. दिवसा मिटून ठेवला की मुलांना अभ्यासाला जागा होते. पण तिने अवाक्षर काढलं नव्हतं, कारण सासऱ्यांचं झोपणं ती रोज बघत होती. गुणाजींच्या छातीत पाणी धरत होतं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून गणपतीपासून ते कपाटाला पाठ लावून बसल्या बसल्याच डुलक्या काढत होते. आता घरीच ठेवा, डोकं उंच ठेवा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टर एवढंच सांगतात तेव्हा त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळतो, फक्त कोणी तो बोलून दाखवत नाही.

सेल्समनने गुणाजींना बेडवर निजवलं आणि रिमोटचं बटण दाबलं. डोक्याकडची बाजू घुरघुरत वर आली. गुणाजींनी एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक. कितीतरी दिवस कानांपाशी चढून बसलेले त्यांचे खांदे खाली आले, आणि बघता बघता त्यांना झोप लागली, भर दुकानात, तोंड उघडं टाकून. सुयोग खिशातून कार्ड काढून काउंटरकडे निघालासुद्धा.

रत्नप्रभा नवऱ्याच्या छातीकडे बघत उभी राहिली. ती शांतपणे वर-खाली होत होती. मधला तो खरखरणारा आवाज, ज्याने तिचा जीव रोज टांगणीला लागायचा, तो नव्हता. हे असंच राहू दे, बाकी काही नको, असं तिला फार वाटलं.

गुणाजी जागे झाले ते तोच प्रश्न घेऊन. या वेळी सेल्समनने बेड होईल तेवढा खाली आणून दाखवला. तरी तो गुडघ्याइतका उंच राहिला.

"मग नको," गुणाजी म्हणाले.

ते धापा टाकत सोफा-कम-बेडपाशी गेले. तो ओढून उघडला तेव्हा त्याची गादी फरशीपासून जेमतेम वीतभर वर होती. कडेला बसून गुणाजींनी हात खाली सोडला. तळवा आरामात फरशीला टेकला. हाच घ्या, म्हणाले. सुयोगचं डोकं फिरलं. हा सपाट आहे, यावर तुम्ही पहिल्याच दिवशी गुदमराल, आत्ता तिकडे कसे झोपला होतात, असं बरंच काही तो बोलला. गुणाजी फरशीकडे बघत बसून राहिले. पोटच्या पोराला हे सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

त्यांच्या गावी माणसाची घटका भरत आली की त्याला खाटेवरून खाली घेतात. पाठीला भुई लागली पाहिजे, तोंडात तुळशीपत्र आणि पाणी पडलं पाहिजे, मग जायचं. खाटेवर गेलेल्याचा जीव घरातच घुटमळतो म्हणतात. गुणाजींची आई खाटेवर गेली होती. मुलगे सगळे मुंबईला गिरणीत, घरात एकटी म्हातारी चुलती, तिच्याच्याने आई उचलली गेली नाही. ते शल्य गुणाजींच्या उरातून कधी गेलं नाही. आणि आता इथेही सुयोग-दिशा कामावर, मुलं शाळेत, दिवसभर घरात रत्नप्रभा एकटी. वीतभर उंचीवरून ती त्यांना चादरीसकट ओढून घेऊ शकली असती. एवढा सगळा हिशेब म्हाताऱ्याने मनातल्या मनात केला होता, आणि त्यात स्वतःचा श्वास धरलाच नव्हता.

रत्नप्रभा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिला राग आला होता, मरण्याची एवढी काळजी करणाऱ्या या माणसाचा, आणि तितकंच रडूही आलं होतं. मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "तो बटणाचोच बेड घेवया. वेळ इली की मी घेईन तुमका खाली."

गुणाजींनी तिच्या हातांकडे बघितलं. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकेल असे ते हात.

"माका उचलूक जमतला तुका?"

तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. त्यांच्या गळ्याभोवती ती आताच चार बोटं सैल झाली होती.

"तवसर तुमी हलके होतल्यात," ती म्हणाली.