उस्तादाचा अंगठा

"तिकीट आलंय. आता नाही म्हणून चालायचं नाही," म्तेपा ओट्यावर ऐसपैस बसत म्हणाला. मूर्तींच्या व्यापारात त्याचं पोट चांगलं सुटलं होतं.

"समोर माणसं असली की माझा हात चालत नाही," लिकुंगा म्हणाला.

"अरे उस्ताद, जर्मनीत तुझे खांब बघायला रांग लागते! माणसाच्या खांद्यावर माणूस, त्याच्यावर बाई, तिच्या पाठीला पोर. काळ्या आबनुसातून ते कसे निघतात, हेच त्यांना बघायचंय. महिनाभर बसून कोर, की सुटलास."

सोमोए उकडलेला कसावा घेऊन बाहेर आली. "मी जाऊ यांच्याबरोबर?"

म्तेपा हसला. "वहिनी, तिथे सगळं अस्सल लागतं. आपल्या माकोंदे जमातीत बाईनं कोरायच्या वाकसाला हात लावलेला कुणी पाहिलाय? बापजाद्यांची रीत आहे."

"असले खांब तरी बापजाद्यांनी कुठे कोरले होते? ते आमच्या लहानपणी सुरू झाले."

"हे गोऱ्यांना कशाला सांगायचं!"

लिकुंगानं तापाचं सोंग आणलं, तर म्तेपानं डॉक्टर आणला. गावी पळावं, तर म्वेंगेच्या मूर्तिकारांच्या गल्लीत पावलागणिक कुणीतरी हात धरून अभिनंदन करायचं. "विमानात झोपू नका हं, उस्ताद!" तो हसून मान हलवायचा आणि घरी येऊन दार लावून घ्यायचा. त्याला जेवण जाईना.

निघायच्या दिवशी सकाळी तो परसात सरपण फोडायला गेला. उजवा हात त्यानं ओंडक्यावर ठेवला, कुऱ्हाड डाव्या हातात घेतली आणि डोळे मिटले.

अंगठा गेला. गल्लीत चूल पेटली नाही. म्तेपा तर ढसाढसा रडला. "असा हात पुन्हा होणे नाही!"

सगळे गेल्यावर सोमोएनं आतून कडी घातली. तिचे डोळे सुजले होते. "हे काय करून बसलात?"

"आता उघड सांगता येईल," लिकुंगा पट्टी सावरत म्हणाला, "की हात गेला म्हणून बायकोला शिकवतोय."

सोमोएनं डोळे पुसले. मग तिनं कोपऱ्यातल्या खांबावरचं फडकं काढलं, वाकस उचलला आणि काल आपणच अर्धवट सोडलेला चेहरा पुरा करायला बसली.