सिंहाचं तोंड

राज्य टिकतं ते ढालीवरचा सिंह कोणत्या बाजूला बघतो त्यावर. हे वाक्य सर बार्नबी थ्रॉकल यांनी विंटरकोमच्या चर्चमध्ये, हातात हातोडा धरून, एका थडग्यावर डावा पाय रोवून उच्चारलं. उजवाही रोवणार होते, पण गुडघ्याने साथ दिली नाही.

सर बार्नबी राजाचे चिन्हराज होते. कोणत्या घराण्याने ढालीवर काय मिरवायचं ते ठरवणं, राजा वारला की त्याच्या सगळ्या पदव्या एका दमात म्हणणं आणि तीस वर्षांतून एकदा परगणा पालथा घालून खोटी कुलचिन्हं फोडणं, ही त्यांची कामं. राजाची तब्येत ठणठणीत होती. त्यामुळे त्यांचा सगळा जीव फोडण्यात होता. त्या उन्हाळ्यात डेव्हनमध्ये त्यांनी उलट्या सिंहाची अकरा थडगी फोडली होती. नजरच तशी. वसंतात त्यांच्या हुद्द्याचा नवा पितळी शिक्का घडत होता, तेव्हा कोरणाऱ्याने सिंह उलटा कोरलेला त्यांनीच पकडला आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून सरळ करून घेतला.

आजचं थडगं बिअर बनवणाऱ्या टोबायस हॅचरच्या वडिलांचं होतं. सिंह खोटा ठरला तर थडगं फुटणार होतं, आणि शनिवारी बाजाराच्या चौकात ढोल वाजवून जाहीर होणार होतं की हॅचर हे घरंदाज नव्हेत. सगळा गाव लोटला होता. मागचे लोक बाकांवर चढले होते. पैजा लागल्या होत्या, त्याही हॅचरच्याच बिअरच्या.

"कुलचिन्हांच्या वहीत हॅचरांचा सिंह आहे," सर बार्नबी गरजले. "पण तो बघणाऱ्याच्या डाव्या हाताला तोंड करून उभा आहे. हा उजवीकडे बघतोय! तोंड फिरवलेला सिंह म्हणजे दुसराच सिंह. म्हणजे चोरीचा!"

"साहेब, चोरीचा कसा? ही पणजोबांची अंगठी," टोबायसचा आवाज चिरकला. "हिच्यावरूनच तर कोरलाय."

सर बार्नबींनी अंगठी डोळ्यांपाशी नेली. अंगठीवरचा सिंहही उजवीकडेच बघत होता. त्यांचा चेहरा उजळला.

"अंगठीही खोटी! मायल्स, लिहून घे."

त्यांचा कारकून मायल्स काही म्हणणार होता. मग त्याने लिहून घेतलं.

हातोडा वर गेला. बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "टोबी, सिंह गेला, आता पिंपावर मांजर काढ!" आणि त्या हशातून वाट काढत टोबायसची आई विनिफ्रेड पुढे आली. तिने येता येता वेदीवरची मेणबत्ती उचलली होती.

"अहो मोठे साहेब, जरा दम धरा. चाळीस वर्षं पिंपांवर शिक्का मारतेय मी ह्या अंगठीनं. अंगठी बघायची नसते, दाबायची असते."

तिने नवऱ्याच्या थडग्यावर मेण सांडलं, अंगठी दाबली आणि उचलली. मेणातला सिंह डावीकडे बघत होता.

चर्चमध्ये एकच गिल्ला झाला. टोप्या उडाल्या. "डावीकडे! डावीकडे!" बाकावरून दोघं खाली पडले, तेही ओरडतच. पाथरवट नेड हात वर करून सांगत होता, "मला अंगठीत दिसला तसा कोरला! मला काय ठाऊक तो दाबल्यावर फिरतो!"

सर बार्नबी मेणाकडे बघतच राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मेणाला हात लावला नव्हता. शिक्का मारणं हे कारकुनाचं काम.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

तिने केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं आणि लहान मुलासारखे हसले. मग हातोडा खाली ठेवून, छाती फुगवून त्यांनी निकाल दिला. घराणं खरं, सिंह खरा, पाथरवट गाढव. थडगं तसंच राहील. टोबायस तिथेच गुडघ्यांवर बसला आणि रडायला लागला. गावाने त्याला तसाच उचलून खांद्यावर घेतलं.

"ह्यांच्या कुलचिन्हाचा दाखला आण, मायल्स! मोहोर आज मी लावणार. माझ्या हातानं!"

"मी लावतो ना, साहेब," मायल्स घाईने म्हणाला. "मेण गरम असतं. आपले हात..."

"आण म्हणतो ना!"

थडग्यावरच दाखला पसरला. विनिफ्रेडने मेण सांडलं. सर बार्नबींनी नवा पितळी शिक्का उंच धरून सगळ्यांना दाखवला. सिंह डावीकडे, ऐटीत. त्यांनी शिक्का दाबला, मनात दहा मोजले आणि उचलला.

विनिफ्रेड वाकली. तिने आधी मेण पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं.

"साहेब, तुमचा सिंह कुठं निघाला?"

टोबायसला लोकांनी हळूच खाली ठेवलं.

"मायल्स," सर बार्नबी म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"साहेब, मी मेण बघतो. सिंहाचं तोंड हे आपलं खातं."

त्या उन्हाळ्यात त्या शिक्क्याने एकशे चाळीस दाखले निघाले होते. फुटलेली थडगी अकरा.