दारापासून एक तास

ग्रॅहमने दारात स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी वरदा शिंकली.

"आत या सगळे," अलका हळूच म्हणाली. "घोटभर पाणी प्या, मग निघू."

"अगं, वॉच चालू आहे!" शशिधरने गाडीची किल्ली हलवून दाखवली.

"असू दे. शिंकेवर कुणी घराबाहेर पडतं का?"

चौघं आत येऊन बसली. ग्रॅहमही बसला, पाणी तेवढं त्याने नको म्हटलं. तो दूरच्या एका कॉलेजचा फुटबॉल कोच. मुलींची टीम बांधत होता. शशिधर-अलकाच्या सोळा वर्षांच्या वरदाचा खेळ त्याला पसंत होता. अडचण होती ती फक्त भूगोलाची. सराव रोज सकाळी आठला, म्हणून दारापासून मैदानापर्यंत तासाभराच्या आत पोचणारी मुलगीच तो घ्यायचा. शशिधरने कॉव्हेंट्रीतल्या घरापासूनचा रस्ता चार वेळा गाडी चालवून मोजला होता. अठ्ठावन्न मिनिटं. तो काम करायचा त्या हॉस्पिटलात पेढेही वाटून झाले होते. अलकाने एकवीस मंगळवार धरले होते, त्यातला एकच उरला होता. गणपतीकडे मागणं एवढंच, पोरीच्या मनासारखं होऊ दे.

वरदाला कुणी काही विचारलं नव्हतं. सकाळी ऑम्लेटवर घालायला मिरपूड सापडेना, तेव्हा मात्र शशिधरने घरात सगळ्यांना विचारलं होतं.

मैदानाशी गाडी थांबली. ग्रॅहमने वॉच पुढे धरलं. एकसष्ट मिनिटं.

"सॉरी," तो म्हणाला. "एकीला सूट दिली की सगळ्या मागतात."

परतीच्या वाटेवर कॉव्हेंट्री जवळ आलं. शशिधर अलकाला म्हणाला, "तुझ्या शिंकेच्या खुळापायी पोरीचं वाटोळं झालं." मागच्या सीटवर वरदा शाळेच्या टीममधल्या मैत्रिणींना भराभर मेसेज करत होती.

सोमवारी वरदाचं जॅकेट धुवायला टाकण्याआधी अलकाने खिसे तपासले. एका खिशात मिरपुडीची डबी निघाली. तिने झाकण घट्ट लावलं, डबी फडताळात जागच्या जागी ठेवली आणि नारळ फोडायला घेतला.

मंगळवारी ताटात मोदक बघून शशिधर तडकला. "निवड झाली नाही, आणि मोदक कसले?"

"उद्यापन आहे," अलका तूप वाढत म्हणाली. "पोरीच्या मनासारखं झालं."