वरच्या नळापाशी
शेवटच्या रविवारीही बाबांनी धाकटीलाच हाक मारली. जिन्याखालचा कॉक ते जपून उघडायचे आणि वरच्या नळापाशी उभी धाकटी ओरडायची, “आलं! अजून थोडं! बास!” जोर वाढला की पाइपचे सांधे गळायचे. थोरलीच्या डोळ्यांसमोर पुस्तक असायचं, पोटात मात्र दुखायचं. सोमवारी बाबा झोपेतच गेले. महिन्याभरात सांधा पुन्हा गळू लागला. पाना घेऊन धाकटी जिन्याखाली बसली. “ताई, वर जा, बास म्हण.” “मी कशाला? बाबांची लाडकी तू.” “लाडकी कसली? हरकामी होते मी! तुला बोलवूया म्हटलं तर दटावायचे, ‘ती वाचतेय, तिची तंद्री मोडू नकोस.’ असा राग यायचा तुझा!” थोरली वर गेली. नळ खाकरला, धार जाड झाली. खालून धाकटी ओरडली, “बास का?” थोरली नळाशीच बोलली, “बाबा, एकदा मलाही हाक मारायची होतीत.”