खालच्या ओळी

दंतवैद्य बाई खुर्चीवरून ताडकन उठल्या आणि वहिनीचे हात हवेतच थांबले.

“मी आजपासून त्यांना बघणं बंद करणार,” बाई म्हणाल्या. “सिनेमाला टाकाऊ म्हणा, माझी हरकत नाही. पण त्या होडीवाल्या नटीच्या आवाजाची नक्कल? तिला खऱ्या आयुष्यातही ऐकू येत नाही हो!”

“अहो, ते कुणाला सोडतात का?” चष्मेवाले काका म्हणाले. “भल्याभल्या नटांची सालं काढतात. हिला एकटीला तळहातावरच्या फोडासारखं जपायचं, म्हणजे तोही अपमानच की.”

“तुमचं आपलं काहीतरीच. उद्या त्यांनी तुम्हाला शिव्या घातल्या तरी तुम्ही टाळ्या वाजवाल.”

“वाजवीन! जमलेल्या असल्या तर नक्की वाजवीन.”

दुकानाला सुट्टी होती. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. ‘पैसे परत’ हा यूट्यूबवरचा कार्यक्रम म्हणजे सोफ्यावर बसून दर आठवड्याला एका सिनेमाची पिसं काढणारे तीन दाढीवाले मित्र, आणि ही मंडळी त्यांची चाहती. महिन्यातून एकदा काकांच्या चष्म्याच्या दुकानात जमायची. सिनेमावर कमी आणि त्या तिघांच्या मतांवरच जास्त भांडायची. त्यांतली सगळ्यांत निष्ठावान चाहती म्हणजे वहिनीची नणंद. ती काकांकडे काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. म्हणून वहिनी सोबत यायची आणि इथलं बोलणं तिला हातांनी सांगायची.

नणंदेने वहिनीच्या गुडघ्यावर टिचकी मारली. “काय म्हणाल्या बाई?” तिच्या बोटांनी विचारलं.

“सिनेमाच्या संगीतावरून वाद चाललाय,” वहिनीच्या हातांनी सांगितलं.

दुखावणारा शब्द आपल्या हातून उमटू द्यायचा नाही, असा वहिनीचा नियम होता. रोज सकाळी दिवा लावताना ती तो मनात म्हणायची. नणंदेसाठी दर आठवड्याला त्या तिघांचं बोलणं ऐकून खालच्या ओळी, म्हणजे सबटायटल्स, लिहायची तीच. दाढ्यांमुळे नणंदेला त्यांचे ओठ वाचता येत नसत. लिहिताना वहिनी खडे वेचावेत तसे शब्द वेचून टाकायची. कुणाच्या टकलावरचा विनोद, कुणाच्या अंगाच्या आकारावरचा. गाळल्याने विनोद अडायचा नाही, उलट नणंद पोट धरून हसायची.

पण या वेळचं तसं नव्हतं. होडी चालवणाऱ्या मुलीचा तो सिनेमा नणंदेने तीनदा पाहिला होता. पडद्यावर कुणीतरी तिच्यासारखं बोलत होतं, तिच्यासारखंच तोंड वाकडं करून, जोर लावून. त्याच बोलण्याची नक्कल करत ते तिघे सोफ्यावर लोळले होते. वहिनीने खाली लिहिलं होतं, ‘तिघे पार्श्वसंगीताची नक्कल करतात.’ ते वाचून नणंदही लोळली होती.

“संगीतावरून?” आता नणंद बाईंकडे टक लावून पाहत होती. “त्यांचे तर डोळे भरलेत.”

“हळव्या आहेत त्या.”

नणंद उभी राहिली. “मग माझं मत सांग सगळ्यांना. जसंच्या तसं.”

तिचे हात झरझर चालू लागले. वहिनीला तोंड उघडणं भाग होतं.

“ती म्हणते,” वहिनी म्हणाली, “हे तिघे सिनेमाची खिल्ली उडवतात, माणसाच्या व्यंगाची कधीच नाही. तिने आजवरची एकूण एक ओळ वाचली आहे. म्हणूनच ती त्यांची चाहती आहे.”

काकांनी चष्मा काढून उगाचच पुसला. बाईंनी वहिनीकडे पाहिलं. मग काकांनीही पाहिलं. नणंदेला शब्द ऐकू येत नसले तरी नजरा कुठे वळतात ते बरोबर कळायचं. तीही वहिनीकडे वळली.

या मुलीपर्यंत जग पोचायचं ते वहिनीच्या दहा बोटांतून. डॉक्टर काय म्हणाले, भाऊ का चिडला, शेजारीण काय बोलून गेली, सगळं. त्या बोटांवरचा विश्वास एकदा उडाला, तर पुन्हा कुठून आणायचा?

तरी वहिनीने सांगितलं. हळूहळू, एकेक खूण नीट करत. नक्कल कशाची होती, ती किती वेळ चालली, आणि तिने त्याजागी काय लिहिलं. आधीच्या टकलाबिकलाचंही सांगितलं.

“सांग तिला, मी काही—” काका पुढे सरसावले.

“आता तरी गप्प बसा हो!” बाईंनी त्यांना खाली बसवलं.

“दवाखान्यातलंही गाळलंस?” नणंदेने विचारलं. “घरातलं?”

“नाही गं. देवाशप्पथ. फक्त या तिघांचं. तुला लागू नये म्हणून.”

नणंद बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. काच उजेडात धरून चरा शोधताना ती जशी बघे, तशी. मग तिने एकच प्रश्न विचारला.

“ती नक्कल ऐकताना तू हसलीस का?”

‘नाही’ ही खूण किती सोपी असते. तीसुद्धा वहिनीला जमली नाही. तिची मान खाली गेली.

नणंदेने हनुवटीला धरून तिचा चेहरा वर केला. मान खालीच राहिली असती, तर वहिनीला खुणा दिसल्या नसत्या.

“आता सगळं लिहीत जा,” नणंदेचे हात म्हणाले. “ते हसले तिथे ते, आणि तू हसलीस तिथे तू.”