गावची कायम रहिवासी

“सर, पोलीस पाटील व्हायला पाटलाच्याच घरातलं लागतंय का?”

शिवलीलानं विचारलं तशी सगळ्या चावडीनं वळून बघितलं. भिंतीच्या कोपऱ्याआड निकिता आणि मोनिका तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. शाळेतून येताना पैज त्यांनीच लावली होती. “एवढ्या लोकांत तलाठ्याला मोठ्यानं विचारून दाखव. आठवडाभर माझी सायकल तुझी,” निकिता म्हणाली होती. महिन्यापूर्वी कुणी अशी पैज लावली असती तर शिवलीला सरळ घरी पळाली असती. पण परंड्याला भाषणात पहिली आल्यापासून तिचा आवाज काही खाली यायला तयार नव्हता.

तलाठ्यांनी नुकताच भिंतीला जाहीरनामा डकवला होता. गावच्या पोलीस पाटलाची जागा यंदा महिलेसाठी सुटली होती. जुने पोलीस पाटील उत्तरेश्वरराव समोरच खुर्चीत बसले होते. त्यांच्या सुनेचे कागद पिशवीत तयारच होते.

“घराचं काही लिहिलेलं नाही,” तलाठी म्हणाले. “दहावी पास पाहिजे, वय पंचवीस ते पंचेचाळीस आणि गावची कायम रहिवासी. ऑनलाइन अर्ज, मग लेखी परीक्षा. का गं, तुला भरायचाय?”

“मला न्हाय सर. माझ्या आईला. दहावी पास हाय ती. पहिल्या झटक्यात!”

हे पैजेत नव्हतं. भिंतीआडचं हसू थांबलं.

“कोण, दैवशाला?” उत्तरेश्वरराव हसले. “पोरी, ह्या कामाला गाव ठावं लागतंय. मेंढरं हाकण्याइतकं सोपं न्हाय ते. आन दिवाळी आली की तुझे आई-बाप निघाले ढोकीकडं, उसाच्या रानात मेंढरं बसवायला. मग गावात ऱ्हाणार कोण, तुझी आजी?”

आता चावडी खदखदून हसली. शिवलीलानं तलाठ्यांकडं बघितलं.

“जागा मिळाली तर गावातच राहावं लागतं,” ते म्हणाले. “त्याला इलाज नाही.”

तिनं निकिताच्या हातातून सायकल घेतली आणि माळाकडं निघाली.

माळावर तिचे वडील, आबा, मेंढरांभोवती जाळी बांधत होते. आई एका लंगड्या कोकराच्या पायाला हळद लावत बसली होती. शिवलीलानं सायकल आडवी टाकली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

“येडी का काय तू!” आई म्हणाली. “पाटलाच्या सुनेपुढं मी?” पण तिचा हळदीचा हात तसाच थांबला. “कवा हाय शेवटची तारीख?”

“सोमवारी.”

“हं.” आई पुन्हा कोकराकडं वळली. “जाऊ दे. ह्यांच्यासंगं मेंढरांमागं कोण जाणार?”

आबा गाठ मारता मारता हसले. “गाव ठावं लागतंय म्हणला व्हय पाटील? अगं, आपल्या मेंढरानं कुणाची तूर खाल्ली की म्या तोंड लपवतो. ही जाती, भांडण मिटवती आन वर चहा पिऊन येती.”

“मग भरू द्या की अर्ज, आबा.”

आबांचं हसू विरलं. “म्या कुठं न्हाय म्हणतोय? पण लई जितराब हाय. एकट्याला आवरतंय व्हय?”

मेंढरं जाळीत बसायला जागा धुंडाळत होती.

शिवलीलानं पाठीवरचं दप्तर काढलं. आईच्या मांडीवर, कोकराच्या शेजारी ठेवलं आणि बाजूला पडलेली तिची काठी उचलली. काठी शिवलीलापेक्षा हातभर उंच होती.

“ऐका दोघं,” ती म्हणाली. चावडीत विचारलं होतं त्याच आवाजात. मेंढरांनी माना वर केल्या. “दिवाळीची सुट्टी लागली की आबांसंगं मी जाणार. शाळा उघडली की ढोकीकडंच जाणाऱ्या बिराप्पाकाकांची मेंढरं आन आपली एकत्र, मग आबा एकटे न्हाईत. त्यांना मी विचारते, पैज लावायला निकिता नसली तरी विचारते. आई गावातनं हालणार न्हाय. उद्या सकाळी तिघांनी परंड्याला जायचं आन अर्ज भरायचा. आन आई, फोटो काढताना खाली बघायचं न्हाय.”